महूची फुलं आणि जेद्दाहून आलेलं पाकीट



पेसाहच्या आधी घर साफ करताना काय काय सापडेल, ते कुणी सांगावं? यंदा आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पिवळं पडलेलं जाड पाकीट खाली आलं. माझी नात स्टुलावर चढली होती. तिने विचारलं, ‘‘साबा, यात काय आहे? फेकायचं का?’’ मी म्हटलं, ‘‘आण इकडे. ते फेकायचं नाही.’’ मग मी जे खाली बसलो तो तासभर उठलोच नाही. बायकोने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

त्या पाकिटाची गोष्ट आज तुम्हाला सांगतो. तिच्यात एक स्कॉटलंडची कवयित्री आहे, माझं जन्मगाव आहे, जेद्दाला नोकरी करणारा माझा एक मित्र आहे आणि माझी एक चूकही आहे.

माझा जन्म १९४१ चा, महूचा. मुलांनो, महू म्हणजे हिंदुस्थानातल्या इंदूर शहराजवळचं एक गाव. गाव कसलं, लष्कराची छावणीच ती. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकर आणि इंग्रज यांची लढाई झाली, होळकर हरले, मंदसोरला तह झाला आणि १८१८ मध्ये सर जॉन माल्कम याने महूला छावणी वसवली. हा माल्कमही स्कॉटलंडचाच. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. आपल्या महाबळेश्वरातली माल्कमपेठ त्याच्याच नावाची.

महूचे लष्कर मुंबईच्या फौजेचे होते. म्हणून त्या फौजेबरोबर आपल्या कोकणातली माणसं तिथे गेली. मराठे गेले, महार गेले, कोकणी मुसलमान गेले, आणि आपले बेने इस्राएलही गेले. मुंबईच्या पलटणींत आपले किती सुभेदार-जमादार होते ते आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूलाच झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबवडे. २००३ मध्ये महूचं नावही डॉक्टर आंबेडकर नगर असं झालं. पण आमच्या तोंडी मात्र महूच.

माझे वडील रेल्वेत होते. आमची तिथे दोन-तीनच घरं. शब्बाथला दहा पुरुष जमणं कठीण, म्हणून शेमा घरीच म्हणायचो. मलिद्याला मात्र शेजारपाजारचे सगळे येत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका कोकणी मुसलमान शिंप्याचं दुकान होतं. पलटणीचे गणवेश शिवायचे ते. त्यांचं मूळ गाव बाणकोटच्या बाजूचं. ते आम्हाला थट्टेने ‘शनवार तेली’ म्हणत, कारण कोकणात आपले पूर्वज तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. तो माझा जिवलग मित्र. मी त्याला ‘सुईदोरा’ म्हणायचो, तो मला ‘तेल्या’. आमच्या दोन्ही घरांत मराठी बोलत, पण त्याच्या आजीची बाणकोटी बोली ऐकली की आम्ही दोघेही हसत सुटायचो. ती रागावून चपला भिरकवायची.

आम्ही दोघे सुट्टीत पाताळपाणीच्या धबधब्याकडे पायी जायचो. फाल्गुनात पळस पेटलेला असायचा, वैशाखात बहावा पिवळाधमक. पावसाळ्यात कुंपणांवर कळलावीची लाल-पिवळी फुलं यायची. आम्ही ती तोडायचो आणि टाकून द्यायचो. फुलाकडे बघत बसावं असं आम्हाला कधी वाटलं नाही.

१९६६ मध्ये आम्ही आलिया केली आणि दिमोनाला आलो. सुरुवातीला मला वाळूशिवाय काही दिसेना. मित्राची पत्रं यायची, मी उत्तरं लिहायचो. १९७८ मध्ये तो नोकरीसाठी सौदीला गेला. जेद्दाच्या एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायचं काम त्याला मिळालं.

आता पंचाईत बघा. दिमोनाहून खाली गेलं की एलात, आणि एलातला जे पाणी पायाला लागतं ते तांबड्या समुद्राचं. त्याच समुद्राच्या काठी जेद्दा. पाणी एकच, पण तिकडून इकडे थेट टपाल नाही! म्हणून त्याची पत्रं आधी मुंबईला त्याच्या बहिणीकडे जात. ती नव्या पाकिटात घालून माझ्याकडे पाठवी. माझी पत्रंही तशीच उलट्या वाटेने जात. एका पत्राला दोन महिने लागायचे.

पहिल्याच पत्रात त्याने लिहिलं होतं, ‘‘तेल्या, या गावाच्या नावाचा अर्थ लोक ‘आजी’ असा सांगतात. हव्वा आपल्या सगळ्यांची आजी, आणि ती इथे पुरली आहे असं जुनी माणसं मानतात. तिची कबर दाखवीत, पण १९२८ मध्ये ती इमारत पाडली. तरी मी रोज कामाला जाताना आजीला सलाम करतो, तुझ्या वतीनेसुद्धा.’’ मी उलट लिहिलं, ‘‘सुईदोऱ्या, आमच्याकडे सांगतात की आदाम आणि हव्वा हेब्रोनला, मखपेलाच्या गुहेत आहेत.’’ त्याचं उत्तर आलं, ‘‘असू दे. नातवंडं दोन गावांत असली की आजी दोन्हीकडे राहते.’’

आता पाकिटाकडे येतो. १९९१ साल. आखाती युद्धात आपल्यावर स्कड क्षेपणास्त्रं पडत होती, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. खिडक्यांना चिकटपट्ट्या, तोंडावर मुखवटे, रात्री भोंगे. त्याच दिवसांत सौदीतही रियाध आणि दहरानवर क्षेपणास्त्रं पडत होती. युद्ध संपलं, आणि पेसाहच्या सुमारास मुंबईचा शिक्का असलेलं हे पाकीट आलं.

आत इंग्रजी पुस्तकाच्या काही पानांच्या झेरॉक्स प्रती, हाताने उतरून काढलेली एक कविता आणि मित्राचं चार पानी पत्र होतं. पत्राची पहिलीच ओळ होती, ‘‘तू बरा हायस ना? आधी तेवढं कळव, बाकीचं मागाहून वाच.’’

मग बाकीचं. त्याच्या इस्पितळात स्कॉटलंडची एक परिचारिका होती. तिने एकदा कुठल्यातरी कागदावर त्याचं जन्मगाव वाचलं आणि ती चकित झाली. म्हणाली, ‘‘महू? आमच्याकडची कवयित्री तिथे राहिली होती!’’ ती बाई होती स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अँगस भागातली, आणि ती कवयित्रीही तिथलीच. नाव व्हायोलेट जेकब. १९९० मध्ये तिच्या हिंदुस्थानातल्या रोजनिशीचं आणि पत्रांचं पुस्तक प्रसिद्ध झालं होतं. परिचारिकेने ते गावाहून येताना आणलं होतं. मित्राने वाचलं, पानं निवडली, झेरॉक्स काढल्या आणि समासात जागोजाग मराठीत टिपा लिहिल्या. इंग्रजी माझं कच्चं, हे त्याला शाळेपासून माहीत होतं.

व्हायोलेट जेकब १८६३ मध्ये माँट्रोझ गावाजवळ हाउस ऑफ डन नावाच्या मोठ्या वाड्यात जन्मली. घराणं जमीनदारांचं, शेकडो वर्षांचं. १८९४ मध्ये तिचं लग्न झालं. नवरा आयरिश, आर्थर जेकब, इंग्रजांच्या विसाव्या हुसार्स या घोडदळ पलटणीत अधिकारी. १८९५ मध्ये त्यांना मुलगा झाला, हॅरी. तो एकुलता एक. त्याच वर्षी पलटणीबरोबर ते महूला आले आणि सुमारे पाच वर्षं राहिले. म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मानंतर अवघ्या चार वर्षांनी ही बाई त्याच छावणीत उतरली.

सुरुवातीला मला, खरं सांगू, त्या बाईचं काही कौतुक वाटलं नाही. साहेबाची मडम ती. बंगला, नोकरचाकर, फिरायला घोडा. आपले सुभेदार उन्हात कवायत करीत होते आणि ही सावलीत चित्रं काढीत होती, असं माझ्या मनात आलं. पण मित्राने समासात लिहिलं होतं, ‘‘तेल्या, आधी राग गिळ. ही बाई फुलांकडे कशी बघते ते बघ.’’

तर त्या बाईला महूच्या रानाचं वेड लागलं होतं. ती घोड्यावरून दूरदूर हिंडायची, फुलं गोळा करायची आणि त्यांची रंगीत चित्रं काढायची. तिची ही चित्रं एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या वनस्पती बागेत, आजही जपून ठेवलेली आहेत. आम्ही महूचीच पोरं. ती फुलं तोडून टाकून द्यायचो. आणि हजारो मैलांवरून आलेल्या बाईने आमच्या रानातली फुलं जन्मभर टिकतील अशी कागदावर ठेवली. हे वाचून मी जरा ओशाळलो.

पण पुढचं ऐका. महूत असताना ती कुणी प्रसिद्ध लेखिका नव्हती. तिची पहिली मोठी कादंबरी १९०२ मध्ये आली. आणि ज्या कवितांमुळे तिचं नाव झालं त्या ‘साँग्ज ऑफ अँगस’ या पुस्तकात १९१५ मध्ये छापल्या गेल्या. तोवर नवऱ्याच्या नोकरीपायी ती अनेक ठिकाणी फिरली होती, आणि घर मागे पडलं होतं. या कविता तिने कोणत्या भाषेत लिहिल्या असतील? साहेबी इंग्रजीत नव्हे. ते तर तिला उत्तम येत होतं. तिने त्या लिहिल्या अँगसच्या बोलीत. लहानपणी वाड्याच्या शेतावर नांगरट्यांच्या पायांत घुटमळताना जी भाषा कानावर पडली होती, तिच्यात.

परिचारिकेने हाताने उतरून दिलेली कविता त्यातलीच होती. तिचं नाव ‘द वाइल्ड गीझ’, म्हणजे रानहंस. घरापासून दूर राहिलेला एक माणूस उत्तरेकडून आलेल्या वाऱ्याशी बोलतो. गावाकडची खबर विचारतो, आणि जेव्हा वारा गावावरून उडणाऱ्या पक्ष्यांचं सांगतो तेव्हा त्याला ते सोसवत नाही. एवढंच. पुढे जिम रीड नावाच्या गायकाने तिला चाल लावली आणि ती कविता स्कॉटलंडमध्ये गाणं म्हणून घरोघर गेली. मला त्यातला एक शब्दही धड कळला नाही. मित्राने खाली लिहिलं होतं, ‘‘नर्सबाईने मला समजावलं, मी तुला समजावतो. ही म्हणजे माझ्या आजीची बाणकोटी समज. ही भाषा शिकलेल्या लोकांत बोललीस तर हसतात. पण घराची आठवण आली की दुसरी कुठली उपयोगी पडत नाही. मी इथे दिवसभर अरबी-इंग्रजी बोलतो. रात्री स्वप्नात आजी चप्पल फेकते ती बाणकोटीतच.’’

मुलांनो, या कवयित्रीच्या आयुष्यात पुढे मोठं दुःख आलं. तो हॅरी, महूत वाढलेला, पहिल्या महायुद्धात लढायला गेला आणि १९१६ मध्ये सोमच्या लढाईत जखमी होऊन वारला. वय अवघं वीस. आपल्या वाचकांत असे आईबाप आहेत ज्यांना याचा अर्थ मी सांगायला नको. तरी ती लिहीत राहिली. १९१८ मध्ये अँगसच्या गाण्यांचं आणखी एक पुस्तक आलं. १९३६ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने तिला मानाची पदवी दिली. त्याच वर्षी तिचा नवरा वारला आणि ती परत अँगसमध्ये, किरीमिउर या गावी राहायला गेली. १९४६ मध्ये तिथेच तिचा अंत झाला. महूची रोजनिशी छापली गेली ती तिच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनी. म्हणजे तिने महूत बसून घरच्यांना लिहिलेलं, जवळजवळ शंभर वर्षांनी जेद्दाच्या इस्पितळातून, मुंबईवरून, दिमोनाला माझ्या हाती आलं.

आता माझी चूक सांगतो.

त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही.

नाही म्हणजे, लिहायचं होतं. एवढं चार पानी पत्र, एवढ्या टिपा! उत्तर नीट, सवडीने लिहावं असं वाटलं. ‘बरा आहे’ एवढं एक ओळीचं पत्र टाकायला पाच मिनिटं लागली असती, पण मी ते टाकलं नाही. मग पेसाह झाला, शाबुओथ झाला, मुलीचं लग्न निघालं. वर्ष गेलं. मग लाज वाटू लागली, आणि लाज वाटली की माणूस आणखी टाळतो. मी स्वतःला सांगायचो, इस्राएलचं पत्र बघून त्याला तिकडे त्रास झाला तर? पण ते खोटं होतं. पत्र त्याच्या बहिणीच्याच पत्त्यावर जायचं होतं. आणि महूच्या दुकानाचा पत्ता तर मला आजही तोंडपाठ आहे. पाकीट कपाटावर गेलं. २००७ मध्ये मुंबईहून आलेल्या आपल्याच एका माणसाकडून कळलं की माझा मित्र निवृत्त होऊन महूला परतला होता, आणि तीन वर्षांपूर्वी वारला.

२०१८ मध्ये एअर इंडियाचं विमान सौदीच्या आकाशातून तेल अवीवला येऊ लागलं. पुढच्या वर्षी मी आणि बायको त्याच विमानाने दिल्लीला गेलो. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. त्यावर एका बाजूला जेद्दा असं नाव आलं. ज्या वाटेने एक पोस्टकार्ड कधी गेलं नाही, त्या वाटेवरून मी गुडघ्यावर पांघरूण घेऊन, रस पीत चाललो होतो. बायकोने विचारलं, ‘‘काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, झोप.’’

दिल्लीहून इंदूर, तिथून तासाभरात महू. दुकान तिथेच आहे, आता मित्राचा मुलगा चालवतो. मी नाव सांगितलं तसा तो गल्ल्यावरून उठून खाली आला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, ‘‘चाचा, तुम्ही दिमोनावाले ना?’’ मग त्याने घरातून एक पत्र्याचा डबा आणला. माझी सगळी पत्रं त्यात होती, १९६६ पासूनची, तारखांप्रमाणे लावलेली. शेवटचं १९९० चं. तो म्हणाला, ‘‘अब्बा पोस्टमन दिसला की विचारायचे, दिमोनाचं काही आलं का? मग आम्हीच थट्टा करायचो.’’ तो हे हसत सांगत होता. त्याला काय ठाऊक?

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने मला गाडीतून पाताळपाणीला नेलं. मार्च महिना होता. पळस फुलला होता, तसाच. त्या कवयित्रीसारखं मीही एका झाडासमोर बसून राहिलो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी महूचं एक फूल नीट बघितलं. पळसाच्या पाकळीला पोपटाच्या चोचीसारखा बाक असतो आणि देठाशी काळसर मखमल असते. आयुष्याची पंचवीस वर्षं त्या झाडांखाली काढली होती, तरी मला हे माहीत नव्हतं.

मला त्या बाईचं आता काय वाटतं सांगू? ती राज्य करणाऱ्यांपैकी होती, आमच्यातली नव्हती. पण परक्या गावात राहिली तेव्हा तिने ते गाव डोळे उघडे ठेवून बघितलं, आणि घर दूर राहिलं तेव्हा ते घरच्याच बोलीत लिहून ठेवलं. या दोन्ही गोष्टी आपल्याला जमण्याजोग्या आहेत. आपण सगळे घर सोडून आलेली माणसं. त्याला काही मोठी प्रतिभा लागत नाही. वही लागते, आणि ‘मग लिहू’ असं न म्हणणं लागतं.

पेसाहच्या त्या संध्याकाळी नातीने सगळं ऐकून घेतलं. तिला मराठी थोडं कळतं, थोडं मी हिब्रूत सांगितलं. ती म्हणाली, ‘‘साबा, मग आता उत्तर लिही ना.’’ मी म्हटलं, ‘‘अगं, तो नाही आता.’’ ती म्हणाली, ‘‘त्याचा मुलगा आहे ना?’’

लहान पोरांना किती सोपं दिसतं! मी कागद घेतला. नातीने खाली आपलं नाव देवनागरीत लिहिलं. पहिल्यांदाच लिहिलं, ‘त’ उलटा काढला. पहिली ओळ मी लिहिली ती अशी : ‘‘मी बरा आहे. कळवायला उशीर झाला, माफ कर.’’

वाचकहो, तुमच्याही कपाटावर असं एखादं पाकीट असेल, तर सण येण्याची वाट बघू नका. आजच खाली काढा.